रेझिनचे कोस्टर चिकटच राहतात? आधी टूथपिक टोचून बघा, मग पावसाला दोष द्या

मैत्रीदिन ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, त्याच महिन्याच्या आसपास राखी, मग गणपती. मित्रमैत्रिणींना हातानं काही करून द्यायचा हंगाम आणि महाराष्ट्रातला सगळ्यात दमट हंगाम नेमका एकच आहे. जुलैच्या शेवटी म्हणूनच एक प्रश्न हमखास येतो: साच्यात रेझिन घालून नावाचं कीचेन ओतलं, कपाखाली ठेवायच्या चार कोस्टरचा संच ओतला, दोन दिवस झाले, अजून बोटाला चिकटतंय, काय करू? उत्तरही ठरलेलं असतं. पावसाळा आहे, होतं असं.

हे उत्तर अर्धंच खरं. दमट हवेनं येणारा चिकटपणा वेगळा दिसतो, हाताला वेगळा लागतो आणि साबणाच्या पाण्यानं धुऊन निघतो. बाकीचा बहुतेक चिकटपणा वजनकाट्यावर किंवा ढवळायच्या कपात तयार झालेला असतो, आणि तो मे महिन्यातही तसाच झाला असता. पावसाला दोष देऊन पुढचा संच ओतला, की तोही चिकट निघतो, कारण काटा तोच असतो.

इथे बोलतोय ते दोन बाटल्यांच्या इपॉक्सी रेझिनबद्दल, ज्यात एका बाटलीत रेझिन आणि दुसरीत त्याला घट्ट करणारा हार्डनर असतो. दिव्याखाली थिजणाऱ्या यूव्ही रेझिनची दुखणी वेगळी, ती यात धरलेली नाहीत.

आधी निदान

ओतून पूर्ण २४ तास होऊ द्या. खोली २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असेल तर एवढ्या वेळात तुकडा साच्यातून काढण्याइतका घट्ट व्हायला हवा. नायट्राइलचा हातमोजा घालून वरून बोट फिरवा, मग कडेला कुठेतरी लपेल अशा जागी टूथपिक टोचा. चार गोष्टींपैकी एक आढळेल.

पहिली: वरचा पृष्ठभाग मेणचट, थोडा तेलकट, कधी धुरकट पांढरा. बोट ओढलं तर पट्टा उमटतो. पण टूथपिक आत जात नाही, खाली काचेसारखं कडक लागतं. हाच तो हवेचा चिकटपणा, आणि चौघांत सगळ्यात निरुपद्रवी.

दुसरी: सगळा तुकडा सारखाच मऊ, जाड रबरासारखा, टूथपिकची खूण उमटते आणि हळूहळू भरून येते. एक तर अजून वेळ लागणार आहे, खोली थंड होती, किंवा प्रमाण थोडं चुकलं आहे.

तिसरी: बाकी सगळं कडक, पण मध्येच रुपयाएवढा डाग किंवा लांब ओघळ ओलसर. ढवळण्यात कमी पडलं. याला दुसरं कारण शोधत बसू नका.

चौथी: तीन दिवसांनंतरही सगळं मधासारखं किंवा च्युइंगगमसारखं. प्रमाणच चुकलं, बाटल्यांची अदलाबदल झाली, नाहीतर आत पाणी गेलं.

एक पाचवा प्रकार क्वचित दिसतो: वरची बाजू ठणठणीत, साच्याकडची खालची बाजू चिकट. साचा धुऊन नीट वाळवला नव्हता, किंवा कपाच्या तळाशी राहिलेलं न मिसळलेलं द्रव्य आधी साच्यात पडलं.

प्रमाण: जिथे बहुतेक संच बिघडतात

रेझिन नेलपेंटसारखं वाळत नाही. त्यातून काही उडून जात नाही. रेझिनचे रेणू आणि हार्डनरचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यातून घट्टपणा येतो. म्हणजे प्रत्येकाला जोडीदार लागतो. रेझिन जास्त झालं तर रेझिनचे काही रेणू मोकळे राहतात, हार्डनर जास्त झाला तर हार्डनरचे. मोकळा राहिलेला भाग कायम चिकट. महिनाभर उन्हात ठेवला तरी त्याला जोडीदार मिळणार नाही.

यातूनच एक घातक समजूत समजून घेता येते: “लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर थोडा जास्त घाला.” ही सवय फायबरच्या कामातून आली आहे. फायबरग्लाससाठी वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन, आणि त्यात टक्का-दोन टक्के घालायचं द्रव्य फक्त प्रक्रिया सुरू करून देतं. तिथे ते कमीजास्त केलं तर वेग बदलतो. इपॉक्सीत हार्डनर हा अर्धा संसार आहे, फोडणी नव्हे. जास्त घातलात तर वेग वाढण्याआधी तुकडा मऊ आणि पिवळट होईल.

आता प्रमाणाचा घोळ. बाजारात ३:१, २:१ आणि १:१ अशी तिन्ही प्रकारची रेझिनं मिळतात. हे प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि तेच वाचायचं राहून जातं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. साधारणपणे एक मिलिलिटर रेझिन १.१५ ग्रॅम, तर हार्डनर ०.९७ ग्रॅमच्या आसपास भरतो. समजा बाटलीवर २:१ मापानं लिहिलंय. वजनात त्याचा अर्थ १०० ग्रॅमला सुमारे ४२ ग्रॅम हार्डनर. तुम्ही काट्यावर १०० ला ५० घेतलात, तर हार्डनर जवळजवळ १९ टक्के जास्त पडला. तुकडा घट्ट झाल्यासारखा वाटेल, पण दुपारच्या उकाड्यात वाकेल, आणि बोटाचा ठसा मात्र वर्षभर घेत राहील.

दुसरा घोळ काट्याचा. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या फरकानं आकडे दाखवतो. चार कोस्टर ओतताना हे चालून जातं. पण तीन कीचेनसाठी २० ग्रॅम मिश्रण करायचं असेल, तर ३:१ नं रेझिन १५ आणि हार्डनर फक्त ५ ग्रॅम. काट्यावर ५ दिसतंय म्हणजे खरं वजन साडेचार ते साडेपाच यांत कुठेही असू शकतं, म्हणजे दोन्हीकडे १० टक्क्यांची चूक. वर हे काटे थेंबथेंब ओतलेलं मोजतही नाहीत. अगदी हळू पडणारं वजन ते शून्याचं हलणं समजून गिळून टाकतात. आकडा ४ वर अडकलेला असतो आणि कपात ६ ग्रॅम गेलेले असतात. कप एकदा उचलून परत ठेवला की खरा आकडा दिसतो. उपाय दोनच: सोनार वापरतात तसा ०.१ किंवा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, नाहीतर ५० ग्रॅमपेक्षा कमी मिश्रण कधी करूच नका. उरलेल्यासाठी एखादा छोटा साचा शेजारी तयार ठेवा. औषधाचे मापी कप वापरणार असाल, तर त्यांच्या आतल्या बाजूला चिकटून राहणारं जाड रेझिन मोजलं जातं पण मिश्रणात येत नाही, हेही लक्षात असू द्या.

हिशेबासाठी एक नमुना. १० सेंटीमीटर व्यासाचा, ६ मिलिमीटर जाड गोल कोस्टर म्हणजे सुमारे ४७ मिलिलिटर, वजनात ५२ ग्रॅम. चार कोस्टरला २०८, कपाला चिकटून राहणारं धरून २३०. हे एकदम करू नका, ११६ ग्रॅमचे दोन घाणे करा. वजनानं ३:१ असेल तर प्रत्येक घाण्याला ८७ ग्रॅम रेझिन आणि २९ ग्रॅम हार्डनर. २:१ असेल तर ७८ आणि ३९. रेझिन घेतल्यावर काटा शून्यावर आणा, मग हार्डनर. शून्य करायचं विसरून “एकूण २९” गाठायचा प्रयत्न करणारे सापडतात, म्हणून दोन्ही आकडे आधी कागदावर लिहून समोर ठेवा. बाटल्यांच्या झाकणांना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. झाकणांची अदलाबदल झाली तर बाटलीच्या तोंडाशीच रेझिन थिजतं आणि ती बाटली उघडता उघडत नाही.

आणि एका कपात मोठा घाणा का नको? कपात गोळा होऊन राहिलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, तापलं की प्रक्रिया आणखी वेगानं होते, मग आणखी तापतं. ३०० ग्रॅमचा कप वीस-पंचवीस मिनिटं तसाच राहिला तर हातात धरवत नाही, धूर निघतो आणि आत पिवळा दगड होतो. ढवळून झालं की लगेच ओता. कधी कप तापू लागलाच तर मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओतून मोकळ्या हवेत ठेवा.

ढवळणं

सपाट टोकाची काडी घ्या, आइसक्रीमची चालेल. गोल काडी कपाच्या कोपऱ्यात पोचत नाही. घड्याळ लावून तीन ते चार मिनिटं, हळू. अंडं फेटल्यासारखं ढवळलंत तर फक्त बुडबुडे वाढतील. दर अर्ध्या मिनिटानं कपाची बाजू आणि तळ खरवडा, काडीही कपाच्या काठावर पुसून घ्या, कारण काडीच्या वरच्या भागाला न मिसळलेलं रेझिन चिकटलेलं असतं आणि शेवटी नेमकं तेच साच्यात ठिबकतं. पारदर्शक कप असेल तर दिवा मागे धरा. साखरेच्या पाण्यात दिसतात तशा तेलकट रेषा दिसत आहेत तोपर्यंत थांबू नका.

मग जे बहुतेक जण आळसानं टाळतात ते करा: मिश्रण दुसऱ्या कोरड्या कपात ओतून, नवी काडी घेऊन आणखी एक मिनिट ढवळा. पहिला कप खरवडू नका. त्याच्या भिंतींवरचं ते शेवटचं चमचाभर म्हणजेच तिसऱ्या प्रकारचा तो रुपयाएवढा डाग. ५ ग्रॅम वाया जातील. कोस्टर वाचेल.

चहाचे कागदी कप वापरू नका. काहींना आतून मेणाचा थर असतो, काडीनं खरवडला की तो मिश्रणात उतरतो. थर्माकोलचे तर नकोच. पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचे किंवा सिलिकॉनचे कप सगळ्यात बरे. सिलिकॉनच्या कपात उरलेलं दुसऱ्या दिवशी सोलून निघतं, ही आणखी एक सोय.

आता खरोखर पावसाचं

हार्डनरमध्ये अमाइन नावाची रसायनं असतात. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की ती रेझिनला सोडून यांच्याशी जुळतात, आणि पृष्ठभागावर मेणासारखी पापुद्री तयार होते. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता सहज ८५ टक्क्यांच्या वर असते. रेझिनला ६० च्या आत आवडतं, ७० पर्यंत चालतं. भिंतीवर लावायचं छोटं आर्द्रतामापक यंत्र काही शे रुपयांत मिळतं. साच्यांवर पैसे घालण्याआधी ते घ्या.

एसी असेल तर ड्राय मोडवर २६ अंशांना तासभर आधी लावून ठेवा. एसीतून होणारा घोटाळा मात्र समजून घ्यायला हवा. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना २६ अंशांच्या खाली असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरतं, जसं थंड पाण्याच्या तांब्यावर धरतं. तुम्ही एसीच्या खोलीत २३ अंशांना कोस्टर ओतले, रात्री एसी बंद केला आणि वाफ निघून जावी म्हणून खिडकी उघडली, की त्या गार रेझिनवर न दिसणारं पाणी बसतं. सकाळी सगळं धुरकट. बाटल्या एसीत ठेवून ओटीवर आणून उघडल्या तरी तेच. बाटल्या, साचे आणि खोली, तिघांचं तापमान सारखं असू द्या. ओतल्यावर पहिले १२ तास तरी हवा बदलू नका.

एसी नसेल तर पाऊस थांबलेली दुपार निवडा, संध्याकाळ नको. ओतून झालं की साच्यावर मोठा, खोलगट प्लास्टिकचा डबा पालथा घाला. आत एका कोपऱ्यात, साच्याला न लागता, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डब्याचा दुसरा फायदा असा की श्रावणातली चिलटं रेझिनमध्ये अमर होत नाहीत. वास आणि वाफ यांच्यासाठी ढवळताना आणि ओतताना एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावाच लागतो. झाकण घातल्यावर तो बंद केला तरी चालेल.

हार्डनरची बाटली ओतून झाल्याक्षणी बंद करा. तोंडाशी पांढरी खरखरीत साय धरली असेल तर ती हवेशी झालेल्या प्रक्रियेचीच खूण आहे. तोंड कोरड्या कापडानं पुसून घ्या, ती साय आत पडू देऊ नका. अर्धी रिकामी बाटली गेल्या पावसाळ्यापासून तशीच पडून असेल, तर भेटीच्या कामात आणण्याआधी ५० ग्रॅमचा चाचणी घाणा करून बघा.

घाट चढून वर आलं की दुखणं बदलतं. नाशिक, पुणे, नगरकडे डिसेंबर-जानेवारीत नव्या वर्षाच्या भेटी ओतताना पाणी नव्हे, गारठा आडवा येतो. तापमान १० अंशांनी उतरलं की प्रक्रियेचा वेग साधारण निम्म्यावर येतो, त्यामुळे १२ अंशांच्या रात्री ओतलेलं सकाळी मऊ असणारच. रेझिनच्या बाटलीत पांढरे कण दिसले, मध थिजल्यासारखे, तर ते खराब झालेलं नाही. झाकण घट्ट लावून बाटली ५० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात, पूर्ण स्वच्छ होईपर्यंत ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर वापरा. तोंडाशी पाण्याचा थेंबही नको.

आत काय घातलंत?

रंगासाठी अभ्रकाची पूड सगळ्यात बिनधोक, १०० ग्रॅमला एक-दोन ग्रॅम पुरते. रेझिनसाठीच बनलेली रंगाची पेस्ट ३ ते ५ ग्रॅम. शाळेचे पोस्टर कलर, अ‍ॅक्रिलिक, खायचा पातळ रंग यांत पाणी असतं. पांढरा रंग गडद हवा म्हणून अ‍ॅक्रिलिकची अर्धी ट्यूब घातली, की कोस्टर पनीरसारखा मऊ राहतो. रांगोळी घालायचीच असेल तर ती आधी मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून घ्या. चार तास हवेवर राहिलेली रांगोळी पावसाळ्यात ओलीच समजा.

फुलांचं कोस्टर किंवा बुकमार्क ही सध्याची सगळ्यात लाडकी भेट, आणि सर्वात जास्त बिघडणारीही. फूल हाताला कोरडं लागतं, पण देठात आणि गाभ्यात पाणी असतं. तिथे भोवतालचं रेझिन मऊ राहतं, बुडबुडे धरतात, महिन्याभरात फूल तपकिरी होतं. वहीत दाबून ठेवायची पद्धत उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत काम देते. पावसाळ्यात तीच वही बुरशी धरते. त्यापेक्षा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दाण्यांत फूल पूर्ण पुरून ५ ते ७ दिवस ठेवा. पाकळी चुरमुऱ्यासारखी मोडली की तयार. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर पाणी प्यायलं. जुन्या कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात. त्या निळ्या रंगात कोबाल्टचं संयुग असतं, म्हणून ती कढई परत स्वयंपाकात आणायची नाही.

शेवंतीच्या पाकळ्या, झेंडू, बोगनवेल, फर्न छान टिकतात. मोगरा आणि प्राजक्त पांढरे राहत नाहीत, कितीही वाळवा. मैत्रिणीला मोगराच आवडत असेल तर तो रेझिनमध्ये घालू नका, गजरा द्या.

फोटोचा कागद रेझिन शोषतो आणि तेल लागल्यासारखा आरपार दिसतो, इंकजेटची शाई तर पसरतेही. दोन्ही बाजूंना आणि कडांनाही फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या डिंकाचे दोन-दोन हात द्या. दमट हवेत प्रत्येक हात वाळायला अर्धा दिवस लागतो. डिंक पांढुरका दिसतोय तोवर तो ओला आहे.

लाकडी किंवा एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडाच्या भुशाच्या) पाटीवर ओतत असाल तर तिचीही छिद्रं आधी बंद करून घ्या, नाहीतर लाकडातली हवा रात्रभर बुडबुड्यांच्या माळा सोडत राहते.

जे बिघडलंय त्याचं काय करायचं

हवेची पापुद्री (पहिला प्रकार): कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ स्पंज. घासा, धुवा, कोरडं करा. बहुतेक वेळा चकाकी परत येते. वर दुसरा थर द्यायचा असेल तर हे धुणं आधी व्हायलाच हवं. न धुता घासला तर वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा पॉलिश पेपर) मेणानं भरतो, आणि न धुता ओतला तर वरचा थर सोलून निघतो.

एकसारखा मऊ (दुसरा प्रकार): साच्यातच असू द्या. थर्माकोलचं खोकं घ्या, आत शेकायची रबरी पिशवी गरम पाणी भरून ठेवा, शेजारी साचा सपाट ठेवा, झाकण लावा. आत ४० ते ४५ अंश राहिले पाहिजेत. पिशवी दर दोन तासांनी भरा, असे सहा-आठ तास. प्रमाण बरोबर असेल तर तुकडा कडक होऊनच बाहेर येतो. नाही झाला, तर प्रमाण चुकलं होतं हे निश्चित कळलं आणि पुढची मेहनत वाचली. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे करू नका.

डाग (तिसरा प्रकार): ओलसर भाग काडीनं पूर्ण खरवडून काढा, खड्डा पडला तर पडू द्या. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जागा पुसा, वाळू द्या. सगळा पृष्ठभाग २२० नंबरच्या वॉटर पेपरनं, पाणी लावून, चकाकी जाईपर्यंत घासा. कोरडा करून वर दीड मिलिमीटरचा नवा थर द्या. एका कोस्टरला १३ ग्रॅम लागतं, म्हणजे चारही एकदम केले तर ५२ ग्रॅमचा घाणा बरोबर बसतो. मध्यभागी ओता आणि काडीनं कडेपर्यंत न्या. काठावर ते स्वतःच थांबतं. कोरडं घासू नका, ती धूळ छातीत जायला नको.

च्युइंगगम (चौथा प्रकार): टाकून द्या. वर नुसता हार्डनर चोपडणं, पंख्याखाली ठेवणं, वरून नेलपेंट मारणं यांतलं काहीही चालत नाही. पातळ, चांगला थर वर ओतला तरी खालचं न थिजलेलंच राहतं आणि उन्हाळ्यात कडेनं पाझरतं. साचा मात्र वाचतो: जमेल तेवढं खरवडा, अल्कोहोलनं पुसा, आणि एक बरोबर मिसळलेला निरुपयोगी घाणा त्यात ओतून काढा. राहिलेला चिकटा तो सोबत घेऊन येतो. न थिजलेलं रेझिन मोरीत ओतायचं नाही. कपातच शक्य तितकं थिजवून मग कचऱ्यात.

हाताला लागलं तर थिनर किंवा अल्कोहोल लावू नका, त्यानं ते कातडीत आणखी मुरतं. कोरड्या कापडानं टिपा, मग साबण आणि पाणी. पुन्हा पुन्हा हाताला लागत राहिलं तर एके दिवशी पुरळ उठतं, आणि एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा पाठ सोडत नाही. बुडबुडे फोडायला ज्योतीचा गॅस टॉर्च १५ सेंटीमीटरवरून, एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. जास्त झालं तर पृष्ठभागावर खळगे पडतात, सिलिकॉनचा साचाही जळतो आणि पुढचा तुकडा चिकटून बसतो.

चिकट नव्हता, पण चहा ठेवला आणि गोल उमटला

ही तक्रार भेट दिल्यानंतर येते, म्हणून जास्त लाजिरवाणी. सजावटीचं साधं रेझिन पूर्ण पक्कं झाल्यावरही ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. वाफाळता चहा याहून बराच गरम असतो. कपाच्या बुडाची रिंग उमटते, कधी कप कोस्टरला उचलूनच धरतो. ही ओतण्यातली चूक नाही, मालाचा स्वभाव आहे. चहाबाज मित्रासाठी वरचा दोन मिलिमीटरचा थर तरी उष्णता सहन करणाऱ्या प्रकारच्या रेझिनचा द्या, आणि बाटलीवर किती अंश लिहिलेत ते वाचून घ्या. नाहीतर सरळ कीचेन, बुकमार्क, दागिन्यांची ताटली ओता. जेवणाचं ताट किंवा पाण्याचा पेला मात्र नको.

दिवस उलटे मोजा

साच्यातून काढायला २४ तास, पॉलिश करायला ७२ तास, आणि खरा कडकपणा यायला सात दिवस. कीचेनला भोक पाडायचं तर दोन मिलिमीटरच्या हातड्रिलनं, ४८ तासांनंतर. त्याआधी ड्रिलला गुंडाळून रबर बाहेर येतं. एखादा घाणा बिघडला तर परत ओतायला जागा हवी, म्हणून रविवारच्या भेटीसाठी आधीच्या आठवड्यातला बुधवार-गुरुवार ही ओतायची शेवटची तारीख धरा, म्हणजे मधे दहा दिवस राहतात. शुक्रवारी रात्री ओतून रविवारी द्यायचं असेल, तर रेझिन सोडा, कागदाचं काहीतरी करा.

बांधताना बबल रॅप थेट लावू नका. आठवडा न झालेल्या रेझिनवर त्याचे गोल गोल ठसे उमटतात, वर्तमानपत्राची तर अक्षरं उतरतात. आधी बटर पेपर, मग रॅप, मग खोका. आत एक चिठ्ठी टाका: गरम भांडं ठेवू नये, खिडकीच्या उन्हात ठेवू नये, ओल्या मऊ कापडानं पुसावं. पांढऱ्या आणि पारदर्शक तुकड्यांसाठी उन्हाची ती ओळ अधोरेखित करा, पिवळेपणा तिथे सगळ्यात आधी दिसतो.